मंडपाच्या गोदामात एक लारी कलाकारांसाठी ठेवा

बडोदे शहरातल्या सर्व सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या अध्यक्षांना, खजिनदारांना आणि कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांब आहे, म्हणून विनंती आधीच सांगते. प्रत्येक मंडळानं चाकांवरचं एक कामाचं टेबल, म्हणजे हातगाडीसारखी एक लारी, करून घ्यावी. वर्षभर ती मंडपाच्या सामानासोबत ठेवावी आणि वस्तीतल्या कुणा चित्रकाराला, मूर्तिकाराला, छापचित्रं करणाऱ्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वापरायला द्यावी. रस्त्याच्या कडेला, बागेच्या फाटकाशी, तलावाच्या काठाला, जिथे सावली असेल तिथे त्यानं उभं राहून काम करावं. आणि तिथे उभं राहण्याची परवानगी मंडळानं आपल्या नावावर महापालिकेकडून काढून द्यावी. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. टेबल मी माझं करून घेतलं आहे, तसं कुणीही करून घेईल. परवानगीसाठी मात्र मागे चार माणसं लागतात.

मग हे पत्र महापालिकेला का नाही, असं कुणी विचारेल. कलाकारांचा विषय सरकारदरबारी गेला की तो इमारतीवर येऊन थांबतो. भूखंड, आराखडा, निविदा, कोनशिला. इमारतींना माझा विरोध नाही. या शहराला त्या हव्याच आहेत. पण मला हवी आहे ती जागा रविवारी सकाळची चार तासांची, सहा फूट बाय साडेतीन फुटांची. एवढ्याशा जागेची निविदा निघत नाही.

तुम्हाला हे काम पाठ आहे. रस्ता किती मोकळा सोडायचा, अँब्युलन्स वळेल का, तात्पुरतं मीटर कधी मागायचं, पोलीस स्टेशनला पत्र घेऊन कुणी जायचं, समोरच्या दुकानदाराची समजूत कुणी काढायची, हे आपल्या दांडिया बाजारातल्या विशीतल्या कार्यकर्त्यालाही सांगावं लागत नाही. दहा दिवस रस्त्याचा एक तुकडा तुमच्याकडे असतो आणि अनंत चतुर्दशीनंतर बांबूंचे खड्डे बुजवून तो तुम्ही परत करता. विसर्जनासाठी नवलखीला कृत्रिम तलाव झाला, तोही उत्सवाची निकड शहराला पटली म्हणूनच. सार्वजनिक जागा मागून घ्यायची, सांभाळायची आणि जशीच्या तशी परत द्यायची, ही विद्या या शहरात पिढ्यान् पिढ्या कुणाकडे असेल तर ती तुमच्याकडे. माझ्या पेशाच्या लोकांकडे ती नाही. आम्ही एकेकटे असतो.

तुमचा आणि आमचा संबंध जुना आहे, पण तो दहा दिवसांपुरता उरला आहे. मूर्ती कुठे घडते ते आठवा. चतुर्थीच्या दोन-तीन महिने आधीपासून रस्त्याकडेला बांबूंवर निळं-पिवळं प्लास्टिक ताणलेलं असतं आणि त्याखाली माणसं ओल्या मातीत हात घालून बसलेली असतात. दिवस आषाढ-श्रावणाचे. हवा दमट, शाडू सुकत नाही. घाई करून जवळ हॅलोजन लावला की मनगटापाशी, मानेपाशी, सोंडेच्या वळणावर तडा जातो, कारण बारीक भाग आधी सुकून आक्रसतो आणि पोटाचा जाड भाग आतून ओलाच असतो. मातीला उष्णतेपेक्षा वारा लागतो, चारी बाजूंनी फिरणारा. फळीला चाकं असतील तर सर आली की मूर्ती आत ओढता येते, ऊन पडलं की सावलीच्या कडेला आणता येते, दर तासाला वाऱ्याकडे तोंड फिरवता येतं. मंडळाचा कार्यकर्ता ॲडव्हान्स द्यायला येतो तेव्हा तो मूर्तीची उंची विचारतो, मुकुटाचा रंग विचारतो. या वर्षी त्यानं एकदा वर, त्या प्लास्टिककडेही बघावं, एवढी विनंती आहे.

कायद्याचं म्हणाल, तर रस्त्यावर पोट भरणाऱ्यांसाठी २०१४ सालचा पथविक्रेता कायदा आहे आणि तो चांगला आहे. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं असं तो म्हणतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच निवडलेले असावेत, आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्यात, असंही म्हणतो. पण त्या कायद्यातला विक्रेता म्हणजे रोजच्या वापराच्या वस्तू विकणारा किंवा लोकांना सेवा देणारा. मूर्ती विकणाऱ्याला ओढूनताणून त्यात बसवता येईल. तीच मूर्ती तीन महिने घडवणारा माणूस तेवढे दिवस काहीच विकत नसतो, म्हणून तो व्याख्येच्या बाहेर उभा आहे. भिंतीसमोर बसून रेखाटन करणारी विद्यार्थिनी, लाकडावर कोरणारा कारागीर, सगळे त्याच्याच रांगेत. विकणारा कायद्याला दिसतो, घडवणारा दिसत नाही. ही फट कायदा बदलेपर्यंत तशीच ठेवायची, की मंडळाच्या परवानगीनं आजच बुजवायची, हे तुम्ही ठरवू शकता.

आता माझ्या लारीबद्दल. मी छापचित्रं करते, म्हणजे लिनोच्या (मऊ लिनोलियमच्या) तुकड्यावर किंवा लाकडावर कोरून, शाई लावून कागदावर छाप काढते. फाइन आर्ट्समध्ये शिकले. १९५०मध्ये आपल्या युनिव्हर्सिटीत ती फॅकल्टी सुरू झाली तेव्हापासून देशभरातून मुलं इथे येतात. शिकत असेपर्यंत त्यांच्याकडे प्रेस असतो, भट्टी असते, लिथोचे दगड असतात, उत्तरेचा उजेड येणाऱ्या मोठ्या खिडक्या असतात. पदवी हातात पडली की एका दिवसात हे सगळं जातं. मग एकतर मकरपुऱ्याकडे जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, चार जणांनी मिळून शेड घ्यायची, नाहीतर भाड्याच्या खोलीत पलंग उभा करून काम करायचं. बरेच जण तिसरा मार्ग घेतात आणि काम सोडतात. त्यांची नावं कुठल्याही कॅटलॉगात येत नाहीत, म्हणून ते किती आहेत हे शहराला कळत नाही.

आमच्या वाड्यात वाटण्या होऊन माझ्या वाट्याला जी खोली आली, तिच्यात टेबल लावलं तर दार उघडत नाही. म्हणून मी भाजीची लारी असते तशीच चार चाकांची लारी घेतली आणि एका वेल्डरकडून ती कमरेच्या वर येईल इतकी उंच करून घेतली, कारण शाई लावायचं काम उभ्यानंच नीट होतं. वर जाड प्लाय. दोन्ही बाजूंना बिजागरीवर उघडणारी पानं. मिटली की लारी पोळाच्या, म्हणजे आमच्या अरुंद गल्लीच्या, तोंडातून आत जाते, उघडली की दोन माणसं समोरासमोर काम करू शकतात. खाली कागदासाठी आडवा, उथळ, कुलूपाचा कप्पा, कारण कागद उभा ठेवला की वाकतो. दुसऱ्या कप्प्यात शाई, रोलर, कोरण्या. एका कोपऱ्याला नळी वेल्ड केली आहे, तिच्यात मोठ्या छत्रीचा दांडा बसतो. पाण्याचा वीस लिटरचा जार, एक बॅटरी, एक एलईडीची पट्टी. छापून झालेले कागद वाळत घालायला दोरी आणि कपड्यांचे चिमटे. प्रेस नाही. लाकडी चमच्याच्या पाठीनं घासून छाप काढते. वेळ लागतो, पण लहान आकाराला तेवढं पुरतं. उभी केल्यावर चाकांना दोन्हीकडून विटा कशा लावायच्या, म्हणजे घासताना लारी हलणार नाही, हे मला शेजारी उभ्या राहणाऱ्या उसाच्या रसवाल्या काकांनी शिकवलं. उन्हाचा कोन त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो. एप्रिलनंतर दहाच्या पुढे उभं राहू नका, शाई पातळ होईल, असं ते म्हणाले, आणि तसंच झालं.

लारी उभी केली की तिथे काय घडतं ते थोडं सांगते. शाई काचेवर रोलरनं पसरली की बारीक चरचर येते. ती चरचर एकसारखी झाली म्हणजे थर बरोबर लागला. हा आवाज ऐकून लोक थांबतात. मला वाटलं होतं की ते चित्र बघून थांबतील. एकदा सातवी-आठवीतल्या एका मुलानं लिनोच्या तुकड्यावर आपलं नाव कोरलं, अगदी मन लावून, वेलांटी-मात्रांसकट. छापलं तर सगळं उलटं. तो हिरमुसला नाही. कागद पाठमोरा करून त्यानं उजेडासमोर धरला, नाव सरळ वाचलं, आणि म्हणाला, “म्हणजे ठशावर उलटं कोरायचं.” पुढच्या रविवारी घरून कागदावर उलटं नाव लिहून घेऊन आला. त्याची आई भाजीची पिशवी खाली ठेवून शेवटपर्यंत उभी होती आणि निघताना तिनं मला विचारलं, हे शिकायला काय लागतं? मी शिकवते त्या वर्गात मला असा प्रश्न पालकांकडून फार क्वचित ऐकू येतो. तिथे ते विचारतात की याचं पुढे काय.

या सगळ्यात एक माणूस मधूनमधून येऊन विचारून जातो: परवानगी आहे का? कधी तो जवळच्या सोसायटीचा असतो, कधी नुसता जाणारा-येणारा. त्याचा प्रश्न चुकीचा नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, म्हणून विचारायचा हक्कही सगळ्यांना आहे. मला फक्त उत्तर म्हणून दाखवायला एक कागद हवा आहे.

चाकांवरून ज्ञान फिरवणं हे या शहराला नवीन आहे असं कुणी म्हणू नये. १९१०मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून आणलं आणि संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. त्यात फिरती ग्रंथालयं होती. मजबूत लाकडी पेट्यांमध्ये पुस्तकं भरून त्या गावोगाव जायच्या, वाचून झाल्या की परत यायच्या आणि दुसऱ्या गावाला निघायच्या. नेण्या-आणण्याचा खर्च संस्थान करायचं. त्याच खात्याची एक शाखा गावांत स्थिरचित्रं आणि सिनेमे फुकट दाखवत फिरायची. मध्यवर्ती ग्रंथालय बांधलं म्हणून पेट्या कमी महत्त्वाच्या मानल्या गेल्या नाहीत. दोन्ही कामं एकाच वेळी चालली. इमारत आणि पेटी यांत निवड करायची नसते, हे महाराजांना तेव्हा कळलेलं होतं. आज बडोद्यात कलेच्या इमारती आहेत. पेटी नाही.

मोठ्या कलाकारांना जागा द्यायची रीतही इथे होती. राजा रविवर्मांसाठी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात स्टुडिओ होता. नंदलाल बोस १९३९ ते १९४६ या काळात कीर्तिमंदिराच्या, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकाच्या, भिंतींवर चित्रं काढायला इथे येत राहिले. पण मला त्याहून जवळचं वाटतं ते छोटा उदेपूरकडचं उदाहरण. राठवा या आदिवासी समाजात पिठोरा हा भिंतीवर चित्र लिहून फेडायचा नवस असतो आणि तो लिहिणारा लखारा यजमानाच्या घरी येऊन ओसरीच्या भिंतीवर घोडे काढतो. पाहुणे जमलेले, ढोल वाजतोय, आणि त्यातच चित्र पुरं होतं. २०२३ साली परेश राठवा यांना पिठोरासाठी पद्मश्री मिळाली. अशा कलावंताला आपण बडोद्यात बोलावतो तेव्हा बहुधा प्रदर्शनातल्या टेबलामागे खुर्ची देऊन बसवतो, पुढ्यात विकायला फ्रेम केलेले तुकडे ठेवून. त्याला एक उभी, चाकांवरची, लिंपलेली भिंत द्या. चौकात आणा. मंडळाकडे ढोल आहेतच. एवढं मात्र त्यांना विचारून, त्यांच्या रीतीभातींचा मान राखून करायला हवं. नवसाचा पिठोरा वेगळा आणि लोकांना दाखवायला लिहिलेला वेगळा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच.

जागा वाटून घेण्याचा प्रश्न तुम्ही काढाल, आणि काढायलाच हवा. मोंमार्त्रच्या टेकडीवर प्लास द्यू तेर्त्र नावाचा चौक आहे. तिथे पॅरिस शहर चित्रकारांना परवाने देतं. जागा जेमतेम एक चौरस मीटरची आणि तीही दोघांत मिळून, आळीपाळीनं. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार वर्षानुवर्षं बसतात. बेंगळुरूची चित्रसंते, म्हणजे रस्त्यावरचा चित्रांचा बाजार, २००३पासून भरते, तिला प्रचंड गर्दी होते, पण ती वर्षातून एकच दिवस. मला तिच्यापेक्षा पॅरिसची पद्धत भावते, कारण तिच्यात वाटणी वेळेची आहे. एका लारीवर सोमवारी मूर्तिकार, बुधवारी शाळेतला चित्रकलेचा शिक्षक, रविवारी मी. आठवड्याचा तक्ता मंडळाच्या फलकावर लावला की भांडण मिटलं. आरतीचा मान कुणाचा याचे तक्ते तुम्ही करताच.

काही कामं रस्त्यावर होणार नाहीत, हेही सांगून ठेवते. एचिंगला, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापायच्या चित्राला, ॲसिड लागतं, ते चौकात आणायचं नाही. मातीची भट्टी, धातूचं ओतकाम, दगडाची धूळ उडवणारं काम, यांना शेडच हवी. तेलाच्या शाईचा रोलर पुसलेली चिंधी गटारात जाता कामा नये. लारीवर झाकणाचा डबा सक्तीचा करा आणि तो रोज परत घेऊन जायचा असा नियम घाला. स्पीकर नको. रंगाचा स्प्रे नको. लोकांच्या नजरेखाली काम करायला सगळ्यांनाच जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यावर सक्ती नको. विक्री असावी का? माझं मत, असावी, पण त्या लारीवर त्या दिवशी जे घडलं तेवढंच विकावं. आधीच तयार केलेला माल मांडला की महिन्याभरात तिची टपरी होईल आणि बाजूच्या खऱ्या टपरीवाल्याच्या पोटावर पाय येईल. त्याच्याशी आधी बोला. लारीवाले आणि चित्रकार यांच्यात जागेवरून भांडण लागलं तर ही कल्पना तिथेच संपेल, आणि संपायलाच हवी.

चाकांचा आणखी एक उपयोग आहे, तो आपल्या शहरात सांगायची गरज पडू नये. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा चतुर्थी दहा-बारा दिवसांवर होती. तळमजल्यावरचे स्टुडिओ पाण्यात गेले. माझ्या ओळखीच्या एका शिल्पकाराचे प्लास्टरचे सगळे साचे भिजून मऊ पडले. साचा गेला म्हणजे मूर्तीची पुन्हा प्रत निघत नाही. ज्या मैत्रिणीचे कागद खालच्या कपाटात होते, तिच्या कित्येक वर्षांच्या कामाचा एकच ओला गठ्ठा झाला. पाणी चढतंय असं कळल्यावर दोन माणसांनी ढकलत उंचावर नेता येईल अशी एखादी वस्तू त्यांच्याकडे असती, तर सगळं नाही, पण साचे आणि कागद तरी वाचले असते. त्या दिवसांत घराघरांत दूध आणि पाणी पोचवायला मंडळांची पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. लारी ढकलायला कुणाला हाक मारायची, हे मला माहीत आहे.

खर्चाचं बोलायचं तर माझ्या लारीला आलेला खर्च विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या बिलापेक्षा पुष्कळ कमी आहे. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. तुमचा खजिनदार आकडे ताडून बघेल म्हणून लिहिते. लोखंडाचा सांगाडा, प्लाय, बिजागऱ्या, कुलपं, छत्री, एवढाच तो हिशेब आहे. सगळ्या मंडळांनी एकदम करायची गरज नाही. या वर्षी तीन-चार मंडळांनी करावी. जुन्या शहरात एखादी सुरसागर तलावाच्या काठाला, एखादी कमाटी बागेच्या फाटकाबाहेर, एखादी गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत, जिथे चित्रकला कुणी शाळेच्या वहीबाहेर पाहिलेली नाही. या तिसऱ्या जागेचा आग्रह मी सोडणार नाही. दांडिया बाजारात तांबेकर वाड्याच्या भिंती तरी आहेत. मनात आलं तर मूल चालत जाऊन एकोणिसाव्या शतकातली चित्रं बघू शकतं. नव्या सोसायट्यांच्या भिंतींवर बिल्डरच्या जाहिराती आहेत.

विसर्जनानंतर प्रत्येक मंडळाची हिशेबाची बैठक होते. या वर्षीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक ओळ घाला: फिरतं कामाचं टेबल आणि त्याची परवानगी. ज्या मंडळाला रस असेल त्या मंडळाच्या बैठकीला मी लारी घेऊन येईन. मापांचा कागद आणि वेल्डरनं केलेल्या दुरुस्त्यांची यादी सोबत आणीन, म्हणजे तुमची पहिली लारी माझ्या लारीपेक्षा चांगली होईल. माझ्या लारीची पुढची चाकं वळणावर अडतात; तुमच्याकडे पालखीच्या रथाचं काम करणारा मिस्त्री असेल तर त्याला त्या दिवशी बोलावून ठेवा. महापालिकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी गुजरातीत तयार केला आहे. त्यात मंडळाचं नाव, जागा, वार आणि वेळ एवढ्याच जागा रिकाम्या आहेत.

आपली नम्र,
एक छापचित्रकार
दांडिया बाजार, बडोदे